स्निग्ध द्रव्यें आणि पेशीची वेस

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या पट्ट्यांत ‘तेल’ हा शब्द दिवसांतून किती वेळां उच्चारला जात असेल याची गणती करणें कठीण आहे. लेथवर काम करणारा कारागीर तेल मागतो तें यंत्राचे भाग झिजूं नयेत म्हणून. त्याच कारागिराच्या घरीं संध्याकाळीं तेल लागतें तें फोडणीसाठीं. दोन्ही तेलें हाताला बुळबुळीत लागतात, दोन्ही पाण्यावर तरंगतात आणि दोन्ही कपड्यांवर पडलीं तर डाग धरतात. परंतु रसायनशास्त्राच्या दृष्टीनें हीं दोन द्रव्यें एका गोत्राचीं नाहींत. यंत्राचें तेल बहुधा भूगर्भांतील खनिज तेलापासून काढलेलें असतें. त्यांत प्रामुख्यानें कार्बन व हायड्रोजन यांचेच अणु असतात आणि माणसाच्या पोटांत तें गेलें तर पचत नाहीं. फोडणीचें तेल मात्र भुईमुगाच्या किंवा करडईच्या रोपट्यानें आपल्या बीजाची शिदोरी म्हणून तयार केलेलें असतें. जिवंत शरीरानें स्वतःच्या गरजेसाठीं घडविलेलीं जीं तेलकट द्रव्यें, त्यांना शास्त्रांत ‘लिपिड’ आणि मराठींत स्निग्ध द्रव्यें म्हणतात. आजचा विषय तीं द्रव्यें हा आहे.

या द्रव्यांविषयीं घरोघरीं दोन मतें ऐकूं येतात. वडील माणसांच्या मतें तूप म्हणजे बळ. तरुणांच्या मतें चरबी म्हणजे हृदयविकार. दोन्ही मतें एकाच समजुतीवर उभीं आहेत आणि ती समजूत म्हणजे सर्व स्निग्ध द्रव्यें एकच वस्तु होत. वस्तुतः त्यांचीं कुळें अनेक आहेत आणि प्रत्येकाचें काम निराळें आहे. त्यांपैकीं दोन द्रव्यांतील अगदीं लहानशा फरकावर रोगी वांचेल कीं त्याला ग्रासणारी बुरशी वांचेल हें ठरतें. त्या फरकाचा उपयोग करून घेणारें एक औषध पिंपरीच्याच प्रयोगशाळेंतून निघालें. त्या औषधाचें मर्म समजावयाचें तर प्रथम या कुळांची ओळख करून घेतली पाहिजे.

लिपिडांची व्याख्या मोठी चमत्कारिक आहे. साखर, पिष्ट किंवा प्रथिन यांची व्याख्या त्यांच्या रचनेवरून करतात. लिपिडांची व्याख्या त्यांच्या पाण्याशीं असलेल्या वैरावरून केली जाते. जें सजीवांच्या शरीरांत सांपडतें, पाण्यांत विरघळत नाहीं आणि ईथर, क्लोरोफॉर्म यांसारख्या द्रवांत विरघळतें तें लिपिड. या एका लक्षणाखालीं चार मोठीं कुळें एकत्र येतात: साधे मेद, मेण, स्फुरयुक्त मेद आणि स्टेरॉल. अ, ड, ई आणि के हीं जीवनसत्त्वेंही तेलांतच विरघळतात. म्हणून तेलातुपाचा अंश मुळींच नसलेल्या जेवणांतून तीं शरीराला नीट मिळत नाहींत.

पहिलें कूळ साध्या मेदांचें. स्वयंपाकघरांतील तेल आणि तूप यांत प्रामुख्यानें हेच असतात. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यांची रचना उलगडून दाखविली. ग्लिसरीनच्या एका रेणूला मेदाम्लांचे तीन रेणु जोडले कीं साध्या मेदाचा एक रेणु होतो; फणीच्या दांड्याला तीन लांब दांते असावेत तसा. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची सांखळी. बहुतेक मेदाम्लांत या अणूंची संख्या सम असते, आणि सोळा किंवा अठरा अणूंच्या सांखळ्या विशेष आढळतात. सांखळींतील प्रत्येक कार्बनला हायड्रोजनचा पुरता वांटा मिळाला असेल तर ती ‘संपृक्त’. एखाद्या जागीं हायड्रोजन कमी पडून दुहेरी बंध आला असेल तर ती ‘असंपृक्त’. संपृक्त सांखळी सरळ असते. असंपृक्त सांखळीला दुहेरी बंधापाशीं बांक येतो.

हा बांक पुण्याच्या हिंवाळ्यांत कोणालाही पाहतां येतो. मार्गशीर्षाच्या थंडींत खोबरेल तेलाची बाटली गोठून पांढरी होते व ती उन्हांत ठेवावी लागते. शेजारचें शेंगदाण्याचें तेल मात्र पातळच असतें. खोबरेल तेलांतील मेदाम्लांपैकीं सुमारें नव्वद टक्के संपृक्त आहेत. त्यांच्या सरळ सांखळ्या मोळींतील काटक्यांप्रमाणें एकमेकींना लागून बसतात आणि सुमारें २४ अंशांखालीं तेल घट्ट होतें. शेंगदाण्याच्या तेलांत बांकदार सांखळ्यांचा भरणा अधिक असल्यामुळें त्यांची मोळी नीट बांधली जात नाहीं. करडईच्या पारंपरिक जातींच्या तेलांत दोन दुहेरी बंध असलेलें लिनोलिक आम्ल सुमारें तीनचतुर्थांश असतें. जवसाच्या तेलांत तीन दुहेरी बंधांचें लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतें. हीं दोन आम्लें मनुष्याचें शरीर स्वतः बनवूं शकत नाहीं; तीं अन्नांतूनच मिळावीं लागतात. अमेरिकेंतील बर पतिपत्नींनीं १९२९ सालीं उंदरांना मेदरहित अन्नावर ठेवून पाहिलें, तेव्हां त्यांची वाढ खुंटली आणि कातडी खवलेदार झाली. मेदाशिवाय भागत नाहीं हें त्या प्रयोगापासून सिद्ध झालें.

साध्या मेदांचें मुख्य कार्य शक्तीचा सांठा करणें हें होय. एक ग्रॅम पिष्टापासून शरीराला सुमारें चार किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम मेदापासून नऊ. शिवाय पिष्टाच्या जातीचा सांठा शरीरांत आपल्याबरोबर कित्येक पट पाणी धरून ठेवतो. मेद कोरडाच राहतो. म्हणून ज्याला दूरचा प्रवास करावयाचा आहे तो जीव मेदाचीच शिदोरी बांधतो. पुण्याजवळ भिगवण येथें उजनीच्या जलाशयावर हिंवाळ्यांत उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. निघण्यापूर्वीं त्यांनीं अंगावर चढविलेला मेद हेंच त्यांच्या त्या उड्डाणाचें इंधन असतें. उंटाच्या मदारींतही पाणी नसून मेद असतो.

दुसरें कूळ मेणाचें. ‘अळवावरचें पाणी’ ही उपमा मराठींत क्षणभंगुरतेसाठीं रूढ आहे. पण ज्यानें ती उपमा प्रथम योजिली त्यानें नकळत मेणाचा गुण वर्णिला. अळवाच्या पानावर मेणाचा पातळ थर आणि अतिशय बारीक उंचवटे असतात, त्यामुळें पाण्याचा थेंब पसरत नाहीं, मोत्यासारखा घरंगळून जातो. पानाला ही व्यवस्था माणसाला उपमा सुचावी म्हणून मिळालेली नाहीं. वरचें पाणी ओघळून जावें व आंतलें पाणी वाळून जाऊं नये, ही दोन कामें तो थर करतो. बदक पाण्यांतून कोरडें बाहेर येतें तेंही शेपटीजवळच्या ग्रंथींतला तेलकट मेणासारखा स्राव पिसांवर चोपडलेला असल्यामुळें. आणि मधमाशी आपलें सर्व घर मेणाचेंच बांधते.

तिसरें कूळ स्फुरयुक्त मेदांचें. सर्वांत महत्त्वाचें हेंच, आणि घरगुती बोलण्यांत ज्याचें नांवही येत नाहीं असें हेंच. येथें ग्लिसरीनला दोनच मेदाम्लें जोडलेलीं असतात. तिसऱ्या जागीं फॉस्फरसयुक्त गट असतो. या गटाला पाणी प्रिय आहे आणि शेपटांना अप्रिय. एकाच रेणूच्या अंगीं हे दोन विरुद्ध स्वभाव असल्यामुळें तो पाण्यांत पडला कीं डोकें पाण्याकडे व शेपटें पाण्यापासून दूर अशी जागा शोधूं लागतो. अंड्याच्या बलकांत हीं द्रव्यें विपुल असतात. तेल आणि पाणी यांचा मिलाफ घडविण्याचा बलकाचा गुण त्यांच्यामुळेंच आहे.

या स्वभावाचा पहिला धागा फार पूर्वीं हातीं आला होता. बेंजामिन फ्रँकलिननें लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतलें, तेव्हां तें पसरत पसरत सुमारें अर्धा एकर, म्हणजे वीस गुंठे पाण्यावर गेलें व तेवढ्या भागांतील लाटा शांत झाल्या. ही हकीकत १७७४ सालीं प्रसिद्ध झाली. तेल यापुढें पसरत नाहीं याचा अर्थ त्याचा थर एका रेणूइतका पातळ झाला, हें पुढच्या शास्त्रज्ञांनीं ओळखलें. १९२५ सालीं हॉलंडांतील गॉर्टर व ग्रेंडेल यांनीं तांबड्या रक्तपेशींतील सर्व स्निग्ध द्रव्य काढून पाण्यावर पसरविलें. तो थर पेशींच्या एकंदर पृष्ठभागाच्या दुप्पट भरला. त्यावरून त्यांनीं अनुमान काढलें कीं पेशीभोंवतीं स्निग्ध रेणूंचा दुहेरी पापुद्रा असला पाहिजे. दोन्ही थरांचीं शेपटें एकमेकांकडे आणि डोकीं आंतल्या व बाहेरच्या पाण्याकडे. त्यांच्या मोजणींत दोन चुका होत्या व त्या परस्परांना पुरून उरल्या, हें मागाहून उघडकीस आलें. परंतु अनुमान खरें ठरलें.

हा पापुद्रा एका मिलिमीटरच्या सुमारें दोन लक्षाव्या भागाइतका पातळ आहे. त्याला भिंत म्हणण्यापेक्षां गांवाची वेस म्हणणें अधिक यथार्थ होईल. वेशीमुळें आंतलें आणि बाहेरचें असा भेद उत्पन्न होतो. पण वेशीला दारें असतात आणि दारांवर पहारेकरी असतात. पापुद्र्यांत बसलेलीं प्रथिनें हे ते पहारेकरी. कोणते क्षार आंत घ्यावयाचे, कोणते बाहेर टाकावयाचे, बाहेरचा कोणता निरोप आंत पोंचवावयाचा, हें तीं पाहतात. १९७२ सालीं सिंगर व निकोल्सन यांनीं दाखविलें कीं ही वेस घट्ट नसून द्रवरूप आहे आणि प्रथिनें तींत जणूं तरंगत असतात. वेस नाहीशी झाली तर आंतले क्षार बाहेर वाहून जातात व पेशी मरते. मग आंतील बाकीची यंत्रसामग्री कितीही उत्तम असो.

या कुळाची आणखी दोन कामें सांगण्याजोगीं आहेत. मज्जातंतूंभोंवतीं स्निग्ध द्रव्यांचें वेष्टण असतें. विजेच्या तारेवर रबराचें असतें तसें. तें झिजलें तर मेंदूची आज्ञा स्नायूपर्यंत वेळेवर पोंचत नाहीं. दुसरें काम फुप्फुसांतलें. तेथील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आंतून स्फुरयुक्त मेदाचें अस्तर असतें. त्यामुळें श्वास सोडल्यावर त्या मिटून चिकटत नाहींत. हें अस्तर गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत पुरें होतें. फार अगोदर जन्मलेल्या बालकाला पहिले श्वास घेणें जड जातें तें याच्या अभावीं, हें १९५९ सालीं मेरी एलन एव्हरी यांनीं दाखवून दिलें. पुढें १९८० सालीं जपानमधील फुजिवारा यांनीं असें द्रव्य बालकांच्या फुप्फुसांत घालून त्यांना वांचविल्याचें प्रसिद्ध केलें. जें द्रव्य स्वयंपाकघरांत केवळ पोषणाचा प्रश्न वाटतें तें येथें जीवनमरणाचा प्रश्न होतें.

चौथें कूळ स्टेरॉलांचें. यांचा रेणु सांखळीसारखा नसून चार कड्या एकमेकींना जोडून झालेल्या ताटलीसारखा असतो आणि मागें एक लहान शेपूट असतें. कोलेस्टेरॉल हा या कुळांतला सर्वांत बदनाम पुरुष. तो प्रथम पित्ताशयांतील खड्यांत सांपडला आणि त्याचें नांवही शेव्रलनेंच ठेवलें. परंतु शरीरांतील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवितें. तें त्याला परकें नाहीं. वर वर्णिलेल्या वेशींत स्फुरयुक्त मेदांच्या मधोमध त्याचे रेणु बसतात. ऊन वाढलें तर वेस अति पातळ होऊं देत नाहींत आणि थंडी वाढली तर गोठूं देत नाहींत. पचनासाठीं लागणारें पित्ताम्ल, पुरुषत्व आणि स्त्रीत्व यांचीं संप्रेरकें, शरीराचा दाह आवरणारें कॉर्टिझोल हीं सर्व त्याच्यापासूनच घडतात. आणि कोवळ्या उन्हांत कातडींत तयार होणारें ड जीवनसत्त्व त्याच्याच एका पूर्वरूपापासून होतें.

आतां मुख्य गोष्ट ही कीं वेशींत बसणारें स्टेरॉल सर्व जीवांचें एक नाहीं. प्राण्यांत तें कोलेस्टेरॉल असतें. वनस्पतींत सिटोस्टेरॉल व त्याचे आप्त असतात. बुरशींत एर्गोस्टेरॉल असतें. १८८९ सालीं तांरे या फ्रेंच संशोधकानें तें धान्यावरील अरगट नांवाच्या बुरशींतून प्रथम वेगळें काढलें. बहुतेक जिवाणूंत स्टेरॉल नसतेंच. कोलेस्टेरॉलमध्यें कार्बनचे सत्तावीस अणु असतात, एर्गोस्टेरॉलमध्यें अठ्ठावीस. शिवाय एर्गोस्टेरॉलमध्यें दुहेरी बंध दोन अधिक असतात. माणूस आणि बुरशी यांच्या वेशींतील स्टेरॉलांचा भेद तो इतकाच.

या भेदाचें मोल पिंपरीला लवकरच कळून आलें. १९५४ सालीं भारत सरकारनें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना केली आणि पुढच्या वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पेनिसिलिनचें यश एका सोप्या गोष्टींत होतें. जिवाणूच्या वेशीबाहेर एक कठीण कवच असतें. माणसाच्या पेशीला तसें कवच नाहीं. पेनिसिलिन तें कवच बांधूं देत नाहीं; म्हणून जिवाणू मरतो आणि माणसाला बहुधा इजा होत नाहीं. परंतु या यशांतूनच एक नवी अडचण उत्पन्न झाली. जिवाणूनाशक औषधें दीर्घकाळ दिलीं कीं तोंडांतील व आंतड्यांतील निरुपद्रवी जिवाणूही मरतात आणि त्यांनीं दाबून ठेवलेली बुरशी माजते. तोंडांत पांढरे चट्टे उठतात, गिळणें कठीण होतें. अशक्त रोग्याच्या शरीरांत ती खोलवर शिरते. आणि बुरशी मारणें जिवाणू मारण्याहून कठीण आहे. कारण पेशीच्या घडणीनें बुरशी जिवाणूपेक्षां माणसाची जवळची नातेवाईक आहे. शत्रु जितका आपल्यासारखा, तितकें त्याच्यावर शस्त्र चालविणें धोक्याचें.

पिंपरीच्या संशोधनशाळेंतील कवकशास्त्रज्ञ एम्. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनीं या कामासाठीं मातींतील सूक्ष्मजीव तपासण्यास आरंभ केला. मातींत स्ट्रेप्टोमायसिस नांवाच्या जिवाणूंचा एक मोठा परिवार नांदतो. पहिल्या पावसानंतर येणारा मृद्गंध बऱ्याच अंशीं त्यांचाच असतो. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन याच परिवारांतलें. त्यांपैकीं एका जातीच्या अंगीं बुरशी मारण्याचा गुण आढळला. त्या जातीला गांवाच्या नांवावरून ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ असें नांव मिळालें, आणि तिनें तयार केलेल्या औषधाला कारखान्याच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’. १९६१ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. याच संशोधनशाळेंतून पुढें पिकांवरील बुरशीसाठीं ‘ऑरिओफंजिन’ हें औषधही निघालें. जगाच्या जीवशास्त्रांतील एका जिवाच्या नांवांत पिंपरी हें नांव कोरलें गेलें, ही गोष्ट त्या गांवांत राहणाऱ्या थोड्याच लोकांना ठाऊक असेल.

हॅमायसिनचें काम वेशीवर चालतें. त्याचा रेणु लांबट असून त्याच्या एका अंगाला दुहेरी बंधांची रांग आहे. तें अंग स्टेरॉलाच्या ताटलीला घट्ट चिकटतें. एर्गोस्टेरॉलाला तें अधिक जोरानें चिकटतें, कोलेस्टेरॉलाला कमी. बुरशीच्या वेशीला तें लागलें कीं वेस फुटकी होते, आंतील क्षार झिरपून जातात आणि बुरशी मरते. जिवाणूच्या वेशींत स्टेरॉल नसल्यामुळें त्याच्यावर या औषधाचा परिणाम होत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें हेझन व ब्राउन या दोन विदुषींनीं १९५० सालीं जाहीर केलेलें निस्टॅटिन आणि नंतर आलेलें अँफोटेरिसिन हीं याच वर्गांतलीं औषधें आहेत. तीं वेशीला छिद्रें पाडतात असें पुष्कळ वर्षें मानलें जात होतें. २०१४ सालीं अँफोटेरिसिनवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं असें दाखविलें कीं तें औषध वेशीच्या पृष्ठभागावर गोळा होऊन स्पंजाप्रमाणें एर्गोस्टेरॉल ओढून घेतें.

परंतु ‘अधिक’ आणि ‘कमी’ या शब्दांतच सर्व संकट आहे. औषध कोलेस्टेरॉलाला मुळींच चिकटत नाहीं असें नव्हे. तोंडांत किंवा कातडीवर लावण्यापुरतें तें वापरलें तर भय थोडें; रक्तांत गेलें तर तें माणसाच्या पेशींनाही त्रास देतें. म्हणून हॅमायसिनचा उपयोग मुख्यतः बाहेरून लावण्यासाठींच झाला. अँफोटेरिसिन शिरेंतून द्यावें लागतें तेव्हां मूत्रपिंडांना इजा होण्याचें भय असतें. डॉक्टरला प्रत्येक दिवशीं हिशेब करावा लागतो कीं आज बुरशी अधिक मरेल कीं मूत्रपिंड.

या कोंडींतून वाट दाखविली तीही स्निग्ध द्रव्यांनींच. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धांत इंग्लंडमध्यें अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसून आलें कीं स्फुरयुक्त मेद पाण्यांत ढवळले तर त्यांच्या आपोआप सूक्ष्म पिशव्या होतात. या पिशव्यांना ‘लायपोसोम’ म्हणतात. अशा पिशवीच्या पापुद्र्यांत अँफोटेरिसिन बसवून दिलें तर मूत्रपिंडांना होणारा त्रास पुष्कळ कमी होतो. यांतील एका प्रचलित प्रकारांत पिशवी सोयाबीनच्या मेदापासून केलेली असते आणि तींत कोलेस्टेरॉलही घातलेलें असतें. औषध त्या कोलेस्टेरॉलाला धरून रक्तांतून निमूटपणें फिरतें. बुरशी भेटली कीं तिच्या एर्गोस्टेरॉलाची ओढ अधिक असल्यामुळें तें पिशवी सोडून तिकडे जातें. ज्या लहानशा भेदावर पिंपरीचें औषध उभें होतें, त्याच भेदाला येथें वाहन मिळालें. भारतांत बिमल कुमार बच्छावत यांनीं या पिशव्यांवर दीर्घ संशोधन केलें आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील वैद्यांच्या सहकार्यानें हें औषध देशी रोग्यांपर्यंत पोंचलें.

याचें महत्त्व महाराष्ट्राला २०२१ सालीं कळलें. करोनाच्या दुसऱ्या लाटेंत मधुमेह असलेल्या अनेक रोग्यांना म्यूकरमायकोसिस जडला. वृत्तपत्रांनीं त्याला ‘काळी बुरशी’ म्हटलें. करोनांत फुप्फुसांचा दाह आवरण्यासाठीं स्टेरॉइडें दिलीं जात होतीं, व योग्य रोग्याला योग्य प्रमाणांत दिल्यास तीं प्राण वांचवीत होतीं. पण गरज नसतां किंवा प्रमाणाबाहेर दिल्यास तीं रक्तांतील साखर वाढवितात व प्रतिकारशक्ति मंद करतात. तीं स्टेरॉइडें कोलेस्टेरॉलच्याच चार कड्यांच्या सांच्यावर घडलेलीं आहेत. रोगाला वाट करून देणारें औषध आणि रोग मारणारें औषध, दोन्ही स्टेरॉलाच्या घराण्याशीं संबंधित होतीं. त्या वर्षीं मे महिन्यांत लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिनचा देशभर तुटवडा पडला आणि रोग्यांचे आप्त या रुग्णालयापासून त्या दुकानापर्यंत धांवत राहिले. चमचाभर मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांसाठीं माणसें रात्रभर रांगेंत उभीं होतीं.

हाच प्रकार लहान प्रमाणावर प्रत्येक पावसाळ्यांत घडतो. गजकर्ण ही बुरशीच. घामेजलेल्या अंगावर ती सहज पसरते. दुकानांतून मिळणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइडही मिसळलेलें असतें. त्यानें खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आंत वाढत राहते. आणि अर्धवट उपचारांतून वांचलेली बुरशी औषधाला दाद देईनाशी होते. एर्गोस्टेरॉल तयार होण्याची क्रिया रोखणारीं औषधें भारतांत कित्येक रोग्यांवर निष्फळ ठरूं लागलीं आहेत. वेशींतला भेद आधींच इतका थोडा; तोही हातचा गेला तर डॉक्टरजवळ शस्त्र उरणार नाहीं. म्हणून अंगावरील चट्ट्यासाठीं शेजाऱ्याचें मलम मागून लावूं नये, वैद्याला दाखवावें, आणि त्यानें सांगितलेली मुदत खाज थांबल्यावरही पुरी करावी.

आतां स्वयंपाकघराकडे वळतां येईल. तेथेंही प्रश्न रेणूच्या आकाराचाच आहे. पातळ तेलावर निकेलच्या साह्यानें हायड्रोजन चढवून वनस्पति तूप करतात. ही क्रिया अर्धवट राहिली कीं कांहीं दुहेरी बंध तसेच उरतात, पण त्यांचा बांक जातो आणि सांखळी सरळ होते. अशा मेदाला ‘ट्रान्स’ मेद म्हणतात. अणु तेच, संख्या तीच, केवळ आकार बदललेला. पण रक्तवाहिन्यांना तो अपायकारक ठरला. म्हणून भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानें जानेवारी २०२२ पासून तेलातुपांत त्याचें प्रमाण दोन टक्क्यांवर जाऊं नये असा नियम केला. रक्तांतील कोलेस्टेरॉलाचेंही असेंच आहे. तें पाण्यांत विरघळत नाहीं म्हणून प्रथिनांच्या वाहनांतून फिरतें. एका जातीचीं वाहनें फार झालीं तर तें रक्तवाहिन्यांच्या भिंतींत सांचतें. दोष पदार्थाच्या नांवांत नसून त्याच्या प्रमाणांत आणि तो कोठें सांचला यांत असतो.

म्हणून घरांत वडिलांनीं ‘तूप खा’ म्हटलें आणि मुलांनीं ‘चरबी नको’ म्हटलें, तर दोघांनींही आणखी दोन प्रश्न विचारावे: कोणतें स्निग्ध द्रव्य, आणि किती? जेवणांत एकाच तेलाचा हट्ट न धरतां शेंगदाणा, करडई, जवस, तीळ यांना आलटून पालटून स्थान द्यावें. तूप माफक असावें. डब्यावरील छापील मजकूर वाचून ट्रान्स मेद टाळावा. आणि तपासणीच्या कागदावरील कोलेस्टेरॉलचा आंकडा पाहून घाबरण्यापूर्वीं तो कोणत्या वाहनांतला आहे हें वैद्याला विचारावें. दुहेरी बंध दोन अधिक कीं दोन कमी, इतक्या बारीक भेदाकडे पिंपरीच्या संशोधकांनीं लक्ष दिलें म्हणून अनेकांच्या तोंडांतले चट्टे बरे झाले. घरांतील बरणीकडेही थोडें तितकेंच लक्ष दिलें तर पुष्कळ दुखणीं दारापर्यंत येणार नाहींत.